सूर्यचूल आणि शेजारचा विस्तव

सूर्यचूल आली ती एसटीच्या टपावरून. दोन ट्रंका आणि कोंबड्यांची एक डाल यांच्या मधोमध तिला दोरीनं करकचून बांधलं होतं. खाली उतरवताना कंडक्टरनं विचारलं, "बाई, काय हाय वं या पेटीत?" मी म्हटलं, चूल आहे, उन्हावर चालते. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं समजावून सांगायची माझी हिंमतच झाली नाही. गाडी धुरळा उडवत शिरपूरकडे निघून गेली आणि मी फाट्यावर, त्या पेटीवर हात ठेवून, एखाद्या बैलगाडीची वाट बघत बसले.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोल्यातला एक तालुका होता. मी ग्रामसेविका होते, पंचविशीही गाठली नव्हती, आणि अमरावतीतलं भरलं घर सोडून अशा गावी आले होते जिथे मला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. सगळ्यांसाठी मी नुसती 'बाई'. पंचायतीनं राहायला दिलेली खोली म्हणजे सोसायटीच्या गोदामाला चिकटलेली एक पत्र्याची शेड. गावाच्या टोकाला, बौद्धवस्तीच्या अलीकडे. भिंतीपलीकडे युरियाची पोती आणि उंदीर. संध्याकाळी कंदील लावला की भिंतीवर माझी एकटीची सावली पडायची, तीही मला नकोशी व्हायची.

लोक वाईट नव्हते. पण बायका पहाटे भाकरी थापून शेतावर जात, दिवेलागणीला परतत, आणि आल्या की पुन्हा चुलीपुढे. माझ्याशी बोलायला वेळ कुणाकडे होता? मी महिला मंडळाची बैठक बोलवायची आणि समोर दोन म्हाताऱ्या, एक बाळंतीण आणि एक शेळी. शेळी सर्वांत नियमित यायची.

माझं दिवसातलं खरं बोलणं सकाळी एकदाच होई, तेही विस्तवापायी. घासलेट रेशनवर होतं आणि रेशनचं दुकान बहुतेक वेळा बंद होतं. स्टोव्ह होता, पण तो शोभेला. मग मीही तीन दगडांची चूल मांडली. पहिल्याच पावसाळ्यात काड्यापेटी सादळली, एकही काडी पेटेना. शेजारी एकच घर होतं, एका म्हातारीचं. गावातल्या रिवाजाप्रमाणे गोवरीचा तुकडा घेतला आणि तिच्याकडे विस्तव मागायला गेले.

ती बौद्ध होती. एकटी राहायची. मुलगा बडनेऱ्याकडे कुठेतरी रेल्वेच्या कामावर होता, वर्षातून एकदा यायचा. अमरावतीहून निघताना माझ्या आईनं बजावलं होतं, पाण्याचं आणि चुलीचं तेवढं सांभाळ. कुणाच्या घरचं चालतं आणि कुणाच्या घरचं नाही, हे आमच्याकडे बोलून दाखवत नसत, ते सर्वांना ठाऊक असे. मी काही मोठी सुधारक नव्हते. मला चहा हवा होता, आणि चहासाठी माणूस बरंच काही विसरतो. मी सरळ आत गेले, तिच्या चुलीपुढे उकिडवी बसले आणि चिमट्यानं एक निखारा काढून गोवरीवर ठेवला. ती बघत राहिली. मग म्हणाली, "फुकत फुकत जाय वं बाई, नाई त विझून जाईन."

त्यानंतर नवी काड्यापेटी आली तरी मी जातच राहिले. काड्या वाचतात असं स्वतःला सांगायचे. खरं म्हणजे तिथे थोडा वेळ बसायला मिळायचं. भिंतीवर बुद्धाचा फोटो, खाली लख्ख घासलेले पितळी गडवे, आणि ती, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. काय बोलायचो? कुणाची म्हैस आटली, रिसोडच्या बाजारात मिरची कशी निघाली, मुलाची खुशाली आली की नाही. मी तिला मावशी म्हणायचे. ती मला बाईच म्हणायची, पण 'तू' म्हणायची, आणि त्या एका 'तू'साठी मी सकाळी उठत होते असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

आणि अशात ही पेटी आली. पंचायत समितीच्या साहेबांनी मोठ्या उत्साहानं दाखवली होती. लाकडी खोकं, आतून काळा रंग दिलेला पत्रा, वर दुहेरी काचेचं झाकण, झाकणाला आरसा. आरशातून ऊन काचेवर पाडायचं आणि आत काळे डबे ठेवायचे. एकात डाळ, एकात तांदूळ. साहेब म्हणाले, "सरपण नको, घासलेट नको, धूर नको. सूर्य आपल्याकडे रग्गड आहे, तेवढंच आहे. तुम्ही स्वतः वापरून दाखवा. महिनाभर घरात चूल पेटवायची नाही, सगळं उन्हावर. मग गावाला सांगा." मी हो म्हटलं. तेव्हा साहेबांनी म्हटलेल्या गोष्टीला आम्ही हो म्हणत असू.

बायकांना मी पेटी दाखवली, शेजारची म्हातारी तेवढी त्यात नव्हती. त्या आरशात आधी आपापली कुंकवं नीट करून झाली. मग एकीनं विचारलं, "यात भाकर होते काय?" भाकर होत नाही, म्हटलं. "मंग कायची चूल हे?" आणि बोलणं संपलं. तिचं चुकलं नव्हतं. पहाटे अंधारात भाकरी बांधून निघणाऱ्या बाईला दुपारच्या उन्हाचा काय उपयोग? दुपारी घरी असणारी, एकटीपुरतं शिजवणारी गावात मला मीच दिसत होते. सरकारनं जणू माझ्याच मापाची चूल पाठवली होती.

माघ संपत आला होता, आकाश स्वच्छ. मी पेटी गोदामापुढच्या मोकळ्या जागेत ठेवली आणि साहेबांची आज्ञा पाळायला लागले. चूल बंद. चहा अकरा वाजता, आणि तोही चहाच्या नावाला कलंक. दुपारचा भात मात्र खरंच शिजायचा, मऊ, मोकळा. पहिल्या दिवशी काच उचलल्यावर वाफ तोंडावर आली तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. चुलीजवळ माणूस बसतो, या पेटीजवळ बसता येत नाही. ती ठेवायची आणि आपण सावलीला पळायचं. संध्याकाळी दुपारचाच गार भात. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. सकाळी उठून कुठे जायचंही नाही.

विस्तव लागत नव्हता म्हणून मी म्हातारीकडे गेले नाही. सहजच जावं, तर सहज जायला काही निमित्त लागतं. सकाळी पेटी पुसायची, आरसा लावायचा, आणि आसपासच्या वाड्यांवर भेटींना निघायचं. दोनचार वेळा ती अंगणात दिसली. मी हसले, तिनं मान फिरवली. मला वाटलं, हिलाही आता माझा कंटाळा आला. लागलं मनाला. पण विचारायचा धीर झाला नाही.

मग पेटी बिनसली. मी भेटींहून दुपारी परतले तर भात कच्चा, डाळ कडक, आणि पेटी गोदामाच्या भिंतीच्या सावलीत. आधी वाटलं सावलीच सरकली असेल. पण धुळीत ओढल्याचे चरे होते. दुसऱ्या दिवशी मी पेटी आणखी उघड्यावर ठेवली. परतले तर पुन्हा सावलीत, पुन्हा कच्चा भात. असं होतच राहिलं. मी फुटाणे खाऊन दिवस काढू लागले.

राग येण्याआधी मला रडू आलं, हे सांगून टाकते. म्हणजे गावाला मी नकोच आहे. तोंडावर कुणी काही बोलत नाही, नुसतं माझं अन्न कच्चं ठेवतात. यापेक्षा स्पष्ट कसं सांगायचं? त्या आठवड्यात मी मनाशी पक्कं केलं की वाशीमला जाऊन साहेबांपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, मला इथून काढा, कुठेही टाका, पण जिथे चार माणसं आहेत तिथे. मी ट्रंकेतले कपडेही नीट लावून ठेवले.

पण जाण्याआधी हे कोण करतं ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एक दिवस मी नेहमीसारखी निघाले, वळसा घालून मागच्या बाजूनं खोलीत आले आणि दाराच्या फटीला डोळा लावून बसले. पत्रा तापला, घाम पाठीवरून ओघळू लागला. बाहेर चिटपाखरू नव्हतं. मग शेजारचं दार उघडलं आणि म्हातारी बाहेर आली.

तिनं इकडेतिकडे पाहिलं. पेटीशी गेली, पदर कमरेला खोचला आणि दोन्ही हातांनी पेटी ओढायला लागली. पेटी जड होती. थोडं ओढायची, थांबून दम घ्यायची, पुन्हा ओढायची. सावलीत नेऊन ठेवल्यावर तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि वळली, तर मी दारात.

"मावशी, तुम्ही?" माझा आवाज चढला होता. "काय बिघडवलं मी तुमचं? माझं जेवण का नासवता रोज?"

"नासवतो?" तीही चिडली. "नासवतो का वाचवतो? बिनअकलेची हायेस काय तू? अन्न कोनी असं उन्हात ठेवते? आंबून जाईन ते. इकून तिकून भटकून येतं अन् आंबलेलं खातं. सांगनार होती मी तुले, पन तू कायले येशीन माह्या घरी?" मग हात पदरानं पुसत म्हणाली, "आतमधी हात नाई लावला मी. झाकन बी नाई उघडलं. बाहेरूनच वढली."

माझा राग तिथेच निवळला. मी म्हटलं, "तुमच्या घरी का नाही येणार?"

"मले काय मालूम? इस्तो बंद केला तू. वरीसभर चालला, आता चालत नाई. तुह्या घरचे कोनी आले असतीन, कोनी बोललं असन. होते असं. मी काही म्हनलं काय?"

गावात एकमेकांचा विस्तव बंद होणं म्हणजे काय, हे मला ऐकून माहीत होतं. भाऊबंदकीत, भांडणात विस्तव बंद होतो. पण तिच्या घरचा विस्तव बंद करण्याला आणखी एक जुना अर्थ होता आणि तो माझ्या डोक्यात आलाही नव्हता. मी घाईघाईनं सांगू लागले. ही चूल आहे, ऊन हाच हिचा विस्तव, साहेबांनी महिनाभर दुसरी चूल पेटवायला मनाई केली आहे. तिला पटेना. मी तिचा हात धरून काचेवर टेकवला. पेटी आत्ताच सावलीत आली होती, काच अजून चांगलीच तापलेली. तिनं हात झटकन मागे घेतला.

"अगं माय," ती म्हणाली. आणि खाली बसली.

मग तिनं सांगितलं, माझ्याकडे न बघता. ती लहान होती तेव्हा तिची आई गावात विस्तव मागायला जायची. दारापासून लांब उभं राहायचं. घरातली बाई चिमट्यात निखारा धरून बाहेर यायची आणि लांबूनच धुळीत टाकायची. आई खाली बसून तो खापरात उचलायची. कधी तो पडल्या पडल्या विझायचा, मग पुन्हा मागायचं.

"अन् तू त पयल्याच दिवशी आतमधी आली," ती म्हणाली. "चुलीपाशी बसली. आपल्या हातानं घेतला. मले वाटलं, हिले कोनी शिकवलंच नाई काय?"

मी ओशाळून म्हटलं, "रोज सकाळी तुमच्या स्वयंपाकाच्या वेळेला येऊन मी उगाच खोळंबा करत होते."

"सकाळी माही चूल कुठी पेटते?" ती म्हणाली. "एकटीच्या जीवाले दोन खेपा कोन रांधते? सांजच्याले रांधतो, सकाळी शिळं खातो. तू येत होती म्हनून पेटवत होती मी."

तेव्हा मला आठवलं की त्या चुलीवर सकाळी मी कधी भांडं पाहिलंच नव्हतं. नुसता जाळ असायचा, आणि पुढे ओढून ठेवलेले निखारे. लांबून वेचून आणलेल्या कापसाच्या पऱ्हाट्या ती रोज उठून माझ्यासाठी जाळत होती, आणि मी वर्षभर घरी कळवत होते की या गावात माझी वाट बघणारं कुणी नाही. मी तिच्याजवळ धुळीत बसले आणि रडले, तिच्या समोर, काही न लपवता.

जरा वेळानं मी म्हटलं, "मावशी, झाकण उघडा. भात बघा कुठवर आला."

ती उठेना. मी पुन्हा म्हटलं. मग तिनं दोन्ही हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, काच उचलली, काळ्या डब्याचं झाकण काढलं आणि एक शीत बोटांत धरून दाबून पाहिलं.

"कच्चा हाय," ती म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून पेटी परत उन्हात ओढली.