एकशे सत्तेचाळीस नंबरचा जोड

इंद्रायणीच्या पुलावर माझ्या गाडीचे दोन्ही दिवे एकदम गेले, त्याला आता महिना होऊन गेला. संध्याकाळचे सात वाजले होते. मागे कंटेनर, पुढे टँकर आणि मधे मी. तोंडातून फक्त "आई अंबाबाई" एवढंच निघालं. पुलाचा सांधा आला, गाडी दणकली आणि दिवे आपोआप परत लागले.

त्याहून मोठा धक्का दुसऱ्या दिवशी बसला, तो सोजरबाईंच्या शेडमध्ये.

मी निघोज्याच्या एका शाळेत लिपिक आहे. राहायला संत तुकाराम नगरला. जायला-यायला आमची जुनी गाडी, २०१३ सालची. दिव्यांचं दुखणं पावसाळ्यापासूनचं. चार-चार दिवस काही व्हायचं नाही, तर कधी एका फेरीत दोनदा जायचे. तीन गॅरेजं झाली. एकाने बल्ब बदलले, दुसऱ्याने रिले, तिसऱ्याने स्विचच नवा बसवला. गाडी गॅरेजात उभी केली की दिवे लख्ख. मग मेकॅनिक माझ्याकडे असा बघायचा, जसं काही मीच खोटं बोलतेय. आमचे हे, हरिहर, तर म्हणाले, "चारू, ती घरच्यांपुढेच रुसते. पाहुण्यांपुढे गुणी."

शेवटी सोजरबाई. शाळेपासून दोन मिनिटांवर त्यांची पत्र्याची शेड, येता-जाता बोलणं व्हायचं. पूर्वीचा गोठाच तो. वय पंचावन्नच्या पुढे, साडीवर कंपनीचा जुना निळा शर्ट, कपाळाला ठसठशीत कुंकू. आसपास कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा गावातल्या बायकांना न्यायला बस यायची. त्या बसमधून सोजरबाई वायरिंगच्या कंपनीत गेल्या. गाड्यांमधल्या वायरीच्या टोकाला पितळी कडी मशीनवर दाबून बसवायची, म्हणजे जोड मारायचा, हे त्यांचं काम. चौदा वर्षं केलं, कंत्राटावर. कंत्राट संपलं तेव्हा बाकीच्या बायका घरी बसल्या. सोजरबाईंनी गुरं अंगणात बांधली आणि गोठ्यात टेम्पो-ट्रॅक्टरची वायरिंग सुरू केली. आधी गाव हसलं. आता चाकणहून गाड्या येतात. दारावर पेंटरकडून एकच ओळ लिहून घेतलेली : सोजरचा जोड सुटत नाही.

या एका ओळीवर बाईंचं सगळं उभं होतं. "चौदा वर्सांत माझ्या नंबरचा एक पीस माघारी आला न्हाई," हे त्या गळ्याला हात लावून सांगायच्या. आणि त्याच्या पाठोपाठ नवरात्राची गोष्ट. बाई नऊ दिवस नुसत्या दूध-पाण्यावर राहतात. एका वर्षी सातव्या माळेला मशीनवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. "सर म्हनले, मावशी, बसा घटकाभर. पर मी बसले न्हाई. लाईन थांबू दिली न्हाई. त्या दिवशी आईनंच चालवले माझे हात." ती गोष्ट मी आमच्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला सांगितली होती. मीही नऊ दिवसांचा उपास धरते.

तर त्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी घेऊन गेले. टेम्पोवाला खंडू आधीच येऊन स्टुलावर बसलेला.

"मावशी, माझा नंबर आधी हाय," तो म्हणाला. "ताईंचे दिवे जात्यात, माझा हॉर्न तर थांबतच न्हाई."

"तुझं तोंड थांबतंय का? मंग हॉर्न कसा थांबंल? बस गप." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, कवा जात्यात?"

तीन गॅरेजांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता.

"खड्ड्यात आदळलं की. आणि कधीकधी इंडिकेटर दिला की मिचमिचतात."

"दोन्ही संगंच?"

"दोन्ही."

"मंग बल्बाचा काय गुन्हा?"

त्यांनी दिवे लावायला सांगितलं आणि बॉनेटमधला वायरींचा जुडगा हाताने हलवला. काही झालं नाही. दिवे लख्ख. मला वाटलं, झालं, आता याही माझ्याकडे तसंच बघणार. पण त्या म्हणाल्या, "इंजिन चालू राहू द्या. तापल्यावर बघू." आम्ही दहा मिनिटं नुसते उभे. मग त्यांनी परत जुडगा हलवला आणि दिवे फटकन गेले.

बाईंनी एक जाड वायर घेतली. एक टोक बॅटरीच्या उणे बाजूला लावलं, दुसरं दिव्यामागच्या काळ्या वायरीला टेकवलं. दिवे असे लागले की खंडूने डोळ्यांवर हात घेतला. वायर काढली, दिवे गेले. टेकवली, आले.

"करंट दिव्यापत्तोर जातोय," त्या म्हणाल्या. "माघारी येयाची वाट मोडलीय. अर्थिंग."

काळ्या वायरीवर बोट ठेवून त्या बॅटरीच्या खाली गेल्या. तिथे वायरीची कडी बॉडीला बोल्टने आवळलेली होती. बोल्ट घट्ट, स्वच्छ, गंज नाही. "समद्यांनी हितवर बघितलं असंल आन् बोल्ट घट्ट हाय म्हनून सोडलं असंल," असं म्हणत त्यांनी बोल्ट काढला, ब्लेडने कडीमागची काळी टेप उभी चिरली आणि वायर दोन बोटांनी हलकेच ओढली. ती कडीतून सुटून हातात आली. लोण्यातून सुरी यावी तशी.

मी वाकून बघितलं. कडी तांब्यावर दाबलेलीच नव्हती. तांब्याचे तीन-चार केस तेवढे पितळेला लागलेले, बाकी सगळा दाब वायरीच्या रबरावर. एवढ्या आधारावर ही गाडी अकरा-बारा वर्षं पळत होती! आमच्या लेकीला मी याच गाडीतून पहाटे परीक्षेला सोडत होते.

सोजरबाई भडकल्या. "आमच्याच कंपनीची वायरिंग हाय ही! कोन भवानी व्हती ही? जोड मारला की वढून बघायचा, हे पयल्या दिवशी शिकिवत्यात! वढून बघितलं न्हाई व्हय गं तू?"

"तुमच्या कंपनीत बाई आपल्या नंबरची पट्टी चिकटवती ना?" खंडू म्हणाला. "बघा की. नंबर सांगा, आपन घरी जाऊन शिव्या घालू."

टेपच्या आत खरंच एक पिवळट पट्टी होती. बाईंनी शर्टाच्या टोकाने ती पुसली. उजेडाकडे धरली. आणि त्यांचा अंगठा हळूच सरकून पट्टीवर आला.

मी शेजारीच होते. अंगठा मला दिसला. त्याच्यावर ग्रीसचा काळा डाग. पट्टी चुरगळून टाकली असती तर आम्हाला काय कळणार होतं? खंडू तर तोवर मोबाईलमध्ये घुसला होता.

मग त्यांनी अंगठा काढला.

"ताई, वाचा," त्या म्हणाल्या. "मला चुकीचं दिसत असंल."

एकशे सत्तेचाळीस. अकरा, दहा, तेरा.

"एकशे सत्तेचाळीस कोण?" मी विचारलं. विचारता विचारताच मला कळलं.

"मी," सोजरबाई म्हणाल्या.

खंडूने मान वर केली. हसायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. बाई जमिनीवर बसल्या. स्टूल शेजारी होतं, तरी जमिनीवर.

"अकरा ऑक्टोबर," त्या पुटपुटल्या. "कवा आला व्हता दसरा त्या साली?"

मी फोनवर जुनं कॅलेंडर उघडलं. घटस्थापना पाच तारखेला. मी बोटांवर मोजलं, मग परत मोजलं, कारण माझा विश्वास बसेना. अकरा ऑक्टोबर म्हणजे सातवी माळ.

मला ते मोठ्याने सांगायचं नव्हतं. पण त्या माझ्या बोटांकडेच बघत होत्या.

"सातवी," त्या म्हणाल्या. "सर बसा म्हनले व्हते."

ज्या दिवसाची गोष्ट त्या बारा वर्षं सगळ्यांना सांगत होत्या, जी मी हळदीकुंकवाला डोळ्यांत पाणी आणून सांगितली, त्याच दिवसाचा हा जोड. माझ्या डोक्यात नुसता पुलावरचा अंधार आणि मागच्या कंटेनरचा हॉर्न.

"त्या दिवशी तीनशेच्या वर मारले असतील," बाई स्वतःशीच म्हणाल्या. "तीनशे गाड्या, ताई."

मग उठल्या. हात धुतले. वायरीचं खराब टोक कापलं, रबर सोललं, नवी कडी तांब्यावर बसवून दाबली आणि पाय रोवून ओढली. मला ओढायला लावली, खंडूला ओढायला लावली. "अजून वढ रं, लाजतो काय!" एवढंच त्या दिवशीचं त्यांचं नेहमीसारखं बोलणं. बोल्ट आवळला, इंजिन तापवलं, जुडगा गदागदा हलवला. दिवे एकदाही मिचमिचले नाहीत. ती पिवळी पट्टी त्यांनी देवीच्या फोटोखाली खोचून ठेवली.

दोन दिवसांनी शाळेत निरोप आला : ताईंना म्हनावं, अक्षर चांगलं हाय, एक पाटी लिहून द्या. मी गेले तर दारावरची ओळ चुन्याने पुसलेली. त्या सांगत गेल्या तसं मी पुठ्ठ्यावर आमच्या गाडीचा फोटो डकवून त्याखाली लिहिलं : "२०१३ सालची अशी गाडी असेल तर थांबा. दिव्याची वायर बघून देते. जोड माझा असू शकतो."

"शेवटची ओळ नको बाई," मी म्हणाले. "लोक काय म्हणतील? धंदा बसेल."

"त्येवढी वळ असंल तरच लोक थांबत्याल. न्हाईतर कोन थांबतंय?"

यंदाच्या सातव्या माळेला मी शाळेतून निघताना मुद्दाम तिकडून गेले. कोपऱ्यात घट बसवलेला, समई तेवत होती. बाई टेबलाशी उभ्या, शेजारी ताटलीत भाकरीचा उरलेला चतकोर. मी बघतेय हे त्यांनी बघितलं.

"सकाळी आईफुडंच बसून खाल्ली," त्या म्हणाल्या. "हात थरथरले तर काय उपेग."

माझा तो उपासाचा सातवा दिवस होता, आणि मला अजून पाऊण तास गाडी चालवायची होती.

तेवढ्यात आमच्यासारखीच एक गाडी पाटी बघून थांबली. तोवर बाईंनी अकरा गाड्या तपासल्या होत्या, सगळ्या दुसऱ्यांच्या नंबरच्या. गाडीवाला घाईत होता, "माझे दिवे चांगलेत, मावशी," म्हणत होता. बाईंनी टेप चिरली, पट्टी पुसली आणि न बघताच माझ्यापुढे धरली.

एकशे सत्तेचाळीस. दहा ऑक्टोबर. सहावी माळ.

मी मोठ्याने वाचलं. त्यांनी वायर मुठीत धरली, समईकडे एकदा बघितलं आणि ओढली. सुटली नाही. परत ओढली. जोड पक्का होता.

"बघा! म्हटलं होतं ना, चांगलाय," गाडीवाला म्हणाला.

"व्हय," सोजरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कटर घेऊन तो जोड कापला.

"अहो! चांगला होता ना तो!"

"उपाशी हातानं मारलेला हाय," त्या म्हणाल्या. "दुसरा मारते. थांबा दहा मिंटं."

गाडीवाला माझ्याकडे बघायला लागला. मी ताटलीतला भाकरीचा चतकोर उचलला आणि समईकडे तोंड करून खाल्ला.