मनोरीच्या बोटीतली शेवंती

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. मार्व्याहून मनोरीला जाणाऱ्या बोटीतून हळदीच्या फुलांची टोपली खाडीत पडली, ती माझ्यामुळे. आमच्या आणि साडूच्या घरात गेली चार वर्षं असंच धरून चालतात की ती त्याने पाडली. त्यावरून विनोद झाला की सगळ्यात मोठ्याने मी हसतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. राहतो घाटकोपरला, नोकरी साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये. तयार झालेले सुटे भाग तपासून पास करायचे, हे त्याचं काम. केसाएवढा फरक त्याला नुसत्या डोळ्याने दिसतो. पोळी गोल नसली तर बोलत नाही, पण ताटात फिरवून फिरवून बघतो. अशा माणसाची टिंगल करायला घरच्यांना काहीतरी हवंच होतं. ते मी पुरवलं.

मनोरीत दोन दिवसांसाठी खोली घेतली होती. आम्ही पार्ल्याहून, ते घाटकोपरहून. दोन मोटारसायकली, चार माणसं, आणि बेटावर दुष्काळ पडलाय अशा हिशेबाने दोघी बहिणींनी बांधलेला खाऊ. मार्व्याला पोचलो तेव्हा ओहोटी होती, त्यामुळे बोट धक्क्याच्या बरीच खाली. आधी माणसं की आधी गाड्या, यावर एकमत नव्हतं, म्हणून दोन्ही एकदमच चढत होती. कुणाच्या पिशवीत कोंबडी, कुणाच्या खांद्यावर सिलिंडर. मधोमध एक फ्रिज, आणि त्याला मिठी मारून उभा असलेला त्याचा मालक. नावाडी ओरडत होता, "गाडी साइड स्टँडवर लावा आणि गिअरमध्ये टाका! न्यूट्रल ठेवू नका, बोट हलते!"

साडूने गिअर टाकला, वर गाडी पुढेमागे हलवून बघितली. मी टाकला नाही. कारण सांगायचीही लाज वाटते. मला पलीकडे सगळ्यांच्या आधी उतरायचं होतं. पुढे काही कामधाम नव्हतं, खोलीवर जाऊन लोळायचंच होतं, पण उतरायचं म्हटलं की माझा पहिला नंबर हवा. गाडी न्यूट्रलला असली की लगेच ढकलता येते.

साडूच्या गाडीपुढे, बोटीच्या काठावर, एका कोळीणमावशीने टोपली ठेवली होती. पिवळीधमक शेवंती, मालाडच्या बाजारातून आणलेली. "जरा जपून रं बाबांनो," ती सगळ्यांना बजावत होती, "सांजला माज्या पोरीची हलद हाय."

मध्यावर आल्यावर समोरून एक होडी आली, आमच्या बोटीने वळण घेतलं आणि माझी गाडी स्टँडवरून सुटून पुढे सरकली. ती रेलली साडूच्या गाडीवर. मी हँडल पकडून माझी सावरली. त्याची गेली आडवी, थेट टोपलीवर. क्षणभराने खाडीत शेवंतीच शेवंती.

"अगो बाय, माजी फुलां!" मावशी उठली. "अरं ए, डोले काय घरान इसरून आलास?"

"मावशी, मी गिअर टाकला होता हो," साडू म्हणाला.

"टाकला व्हता तं पडली कशी? आता मांडवान काय ह्याचा फ्रिज लटकवू?"

फ्रिजवाल्याने मिठी आणखी घट्ट केली.

"नशीब, ह्यांनी स्वतःची तरी धरली," माझी बायको म्हणाली. माझ्याबद्दल म्हणाली ती! त्याच वेळी मी पायाने हळूच गिअर टाकला. खट् असा एवढासा आवाज झाला. नावाडी आला, माझी गाडी हलवून बघितली, मान डोलावली. साडू मावशीची समजूत काढत होता तोवर पडलेली दोघा उतारूंनी उचलली, न्यूट्रल करून कडेला सरकवली, आणि साडू चावी फिरवून बघायला वाकला तेव्हा न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला.

"दादा, गिअर विसरलास," नावाडी म्हणाला.

साडू त्या दिव्याकडे बघतच राहिला. मी खाडीकडे.

मनोरीला उतरल्यावर तो खोलीवर आलाच नाही. मावशीचं घर विचारून घेतलं आणि त्याच बोटीने परत मालाडला गेला, शेवंती आणायला. तीन तासांनी भरलेली टोपली मांडीवर घेऊन रिक्षातून खोलीसमोरून मावशीकडे गेला, उन्हाने लालबुंद. तोवर आमचं जेवण झालं होतं. त्याच्या वाटणीची सुरमई उगाच वाया जाऊ नये म्हणून मी खाल्ली होती.

तेव्हापासून तो 'फुलवाले भावोजी'. गणपतीत हार आणायला कुणाला पाठवायचं, यावर चर्चाच होत नाही. "पण पाण्याच्या कडेने नको हं," असं माझी बायको मागून ओरडते. तो हसतो. आधी मला वाटलं, हसतोय ना, मग झालं.

मग त्याने मोटारसायकल विकली. म्हणाला, "रिक्षा बरी यार, डोक्याला ताप नाही." त्याची बायको, आमची ताई, सांगते, हल्ली कुलूप लावून तीन मजले उतरतो आणि बघायला पुन्हा चढतो. वर्कशॉपमध्ये एकदा पास केलेला माल परत मागवून तपासतो. पोरं हसतात. मागच्या महिन्यात आमच्याकडे चहा पिताना तो मला म्हणाला, "मला अजून आठवतं रे, मी गाडी हलवून बघितली होती. ती हललीच नव्हती. आणि दिवा तर हिरवा. म्हणजे जे झालंच नाही, ते मला आठवतंय."

मी म्हटलं, "होतं रे असं, वय झालं." आणि खारी पुढे केली.

आता ताईने विसराळूपणासाठी मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, येत्या गुरुवारची. सोबत म्हणून मला बोलावलंय. माझ्यावर तिचा विश्वास आहे.

त्याआधी घाटकोपरला जाऊन, दोघी बहिणींच्या समोर, 'तुझी गाडी गिअरमध्ये होती, माझी नव्हती' एवढं त्याला सांगायचं देणं मी लागतो. अजून सांगितलेलं नाही.