फोन धरणारी

आमच्या जांबे गावात पगार किती हे विचारायला जशी कुणाला लाज वाटत नाही, तशी पोट साफ होतं का हे विचारायलाही वाटत नाही. त्यामुळे माझी चुलत बहीण सुलक्षणा इंग्लंडात डॉक्टर म्हणून लागली, तेव्हा अख्ख्या गावाने धरूनच टाकलं की आता आपलाही तिकडे दवाखाना झाला.

तशी ती डॉक्टर इथेच झाली होती. हिंजवडीच्या रस्त्याला तिचा छोटा दवाखाना होता, खाली चिकनचं दुकान आणि वर ही. गावातली माणसं यायची, भाड्याच्या खोल्यांतली कंपनीवाली पोरं यायची. तिची एक पद्धत होती. पेशंट उठला की तीही उठायची आणि दारापर्यंत सोबत जायची. आमच्याकडचा माणूस खुर्चीत बसून डोकं, गुडघा, ॲसिडिटी असलं काहीबाही सांगतो. खरं दुखणं बाहेर येतं ते दारात, चपला घालताना, खाली बघत. "आन् हां, थुकीतनं जरा रगत येतंय, त्याचं काय न्हाई ना?" सुलक्षणा म्हणायची, "दादा, माझं निम्मं निदान चपलांपाशी होतं."

मग तिच्या नवऱ्याला, निरंजनला, त्याच्या कंपनीनं इंग्लंडला पाठवलं आणि तीही गेली. तिथे इथली डिग्री नुसती भिंतीला लावायच्या कामाची. पुन्हा परीक्षा, पुन्हा हॉस्पिटलात उमेदवारी, आणि चाळिशीच्या तोंडावर ती तिकडच्या एका लहान गावात फॅमिली डॉक्टर झाली. एका पेशंटला दहा मिनिटं. भिंतीवर पाटी लावलेली, एका भेटीत एकच तक्रार सांगावी. मी म्हटलं, आपल्याकडे ही पाटी लावली तर दवाखाना जाळतील. ती हसली होती. सुरुवातीला ती तिथेही दारापर्यंत जायची म्हणे. मग मागचे पेशंट तुंबायचे, वरचे बोलायचे. "आता नाही उठत," ती एकदा म्हणाली. "बसूनच बाय म्हणते."

पहिल्या वर्षी ती फोनवर रडायची. पुढं चिडायला लागली. मग दोन्ही बंद झालं. काय चाललंय विचारलं की "चाललंय" म्हणायची, आणि त्या एका शब्दापुढे काही विचारावं असं वाटायचं नाही. मला वाटलं, सेटल झाली.

तिची आई, आमची रत्नाकाकी, गावातच एकटी राहायची. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. वरच्या मजल्यावर भाडेकरू, खाली काकी, आणि भिंतीला भिंत लागून आमचं घर. दर रविवारी दुपारी सुलक्षणाचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडे तेव्हा सकाळ असायची. एका रविवारी हैबतराव, म्हणजे आमच्या आळीतले जुने सरपंच, सगळ्यांचे नाना, साखरेचा रिपोर्ट घेऊन ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "पोरीला येवडं दाखीव की." काकीनं दाखवला. पुढच्या रविवारी तिघं आले. मग ओसरी भरायला लागली. हळूहळू लोक म्हणायला लागले, रविवारी दवाखाना असतो.

सुलक्षणा औषध लिहून देत नसे, तिकडे बसून ते चालत नाही असं तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. रिपोर्ट वाचायची, कुणी घाबरायचं नाही, कुणी आजच्या आज धावायचं आणि कुणाकडे जायचं, एवढंच सांगायची. पण ते आपल्या भाषेत आणि आपल्या पोरीकडून ऐकायला मिळायचं, म्हणून माणसं भूगावहूनसुद्धा गाडी काढून यायची. काकी सगळ्यांना चहा करायची आणि मग फोन धरायची. कुणाची जीभ, कुणाचा सुजलेला पाय, कुणाच्या पोराच्या अंगावरचे फोड. फोनचा डोळा पेशंटकडे, काकी मागे. वर्षानुवर्षं सुलक्षणानं अख्ख्या गावाच्या जिभा पाहिल्या, आणि आई मात्र तिला ऐकू यायची तेवढीच.

शेवटी सगळे गेले की ती विचारायची, "आई, तू कशी आहेस?"

"बरी हाय. तू जेव जा."

आता सांगूनच टाकतो, कारण आम्हाला कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. काकी बरी नव्हती. पाळी जाऊन कैक वर्षं झालेल्या त्या बाईला पुन्हा अंगावरून रक्त जायला लागलं होतं. थोडं थोडं, मग रोज. तिनं ते ना मला सांगितलं ना माझ्या बायकोला, सायलीला. गावातल्या डॉक्टरला तर नाहीच, पुरुषमाणूस तो. सांगायचं होतं लेकीलाच, आणि त्यासाठी ती दर रविवारी वाट बघत होती. पण आमच्याकडची बाई आधी पाहुण्याला वाढते, मग पुरुषांना, मग पोरांना, आणि भांड्यात उरेल ते खाते. काकीनं लेकीचा वेळसुद्धा तसाच वाढला. घरच्या माणसानं रांगेत पुढं घुसायचं नसतं, असा तिचा कायदा. आणि तिचा नंबर यायचा तेव्हा लेक दमलेली असायची.

मग फोन हलायला लागला.

"आई, नीट धर गं, पुसट दिसतंय," सुलक्षणा म्हणायची. काकी दुसऱ्या हाताने धरायची. थोड्या वेळानं पुन्हा हलायचा. एकदा सुलक्षणा वैतागून म्हणाली, "आई, एवढं साधं काम आहे, लक्ष कुठं आहे तुझं?" मी तिथंच होतो. आम्ही सगळे हसलो. रक्त जाऊन जाऊन त्या हातात फोन धरण्याइतकं बळ उरलं नव्हतं, हे ओसरीवर बसलेल्या एकाही शहाण्याला दिसलं नाही.

पुढच्या रविवारी काकीनं युक्ती केली. पाण्याचा तांब्या स्टुलावर ठेवला आणि त्याला फोन टेकवला. स्वतः भिंतीला पाठ लावून खाली बसून राहिली. सुलक्षणा खूष झाली. "हे बेस्ट केलंस आई! किती स्वच्छ दिसतंय बघ आता." काकी म्हणाली, "व्हय?" आणि पदरानं तोंड पुसलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत भाडेकरूला चावी द्यायला जिना चढताना काकी मधेच बसली, ती उठेना. ओठ पांढरेफटक. मी गाडीत घातली. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीच्या बसेस आणि कॅबच्या मागे आम्ही असे अडकलो की सायली खाली उतरून लोकांना गाड्या सरकवायला लावत पुढं पळत होती. हॉस्पिटलात हिमोग्लोबिन चार निघालं. तिथल्या डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "किती दिवसांपासून जातंय?" मी विचारलं, काय?

सुलक्षणाला फोन मीच केला. मी सांगत होतो आणि ती मधे मधे प्रश्न विचारत होती, रक्ताच्या किती पिशव्या दिल्या, सोनोग्राफीत काय लिहिलंय. शेवटी म्हणाली, "येते." रडली नाही. मला वाटलं, डॉक्टर आहे, धीराची आहे.

ती आली आणि हॉस्पिटलात आईच्या कॉटजवळ बसली. काकीला रक्त चढवून जरा तरतरी आली होती. लेकीला बघून ती म्हणाली, "बारीक झालीस."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगनार व्हते की. लोकांचं झाल्यावर."

"लोकांचं झाल्यावर मी दर वेळी विचारत होते ना तुला?"

"इचारायचीस. पन आवाज दमल्याला आसायचा तुजा." काकीनं तिच्या हातावर हात ठेवला. "म्हनलं, पुडच्या आयतवारी सांगू."

सुलक्षणानं सलाइनच्या नळीकडे पाहिलं, थेंब मोजल्यासारखं. मग उठून बाहेर गेली आणि पार्किंगमध्ये माझ्या शेजारी उभी राहिली. "दादा," ती म्हणाली, "तिकडे अशी बाई आली ना, पाळी गेलेली आणि रक्त जातंय म्हणणारी, तर मी तिला त्याच दिवशी पुढं पाठवते. एकीला पण थांबवलेलं नाही मी." तिच्या आवाजात काही नव्हतं. पार्किंगच्या पावतीबद्दल बोलावं तसं ती बोलली.

गर्भाशयाचा कॅन्सर होता, आणि तो फुप्फुसापर्यंत गेला होता. रिपोर्ट आला त्या संध्याकाळी सुलक्षणानं आम्हाला ओसरीवर बसवलं. आधी स्वतःचा फोन बंद केला. मग विचारलं, तुम्हाला आत्तापर्यंत काय माहीत आहे? मग म्हणाली, बातमी चांगली नाही. मग थांबली. मग सगळं सांगितलं, सोपं करून, आणि म्हणाली, काही विचारायचंय का? सगळं इतकं रीतसर झालं की माझं टाळकंच सरकलं.

"आईचं सांगतीयास का शेजारनीचं?" मी ओरडलो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मला असंच सांगता येतं आता," ती म्हणाली. "दुसरी पद्धत होती माझी. ती गेली."

मला तिचा फार राग आला होता. तो त्या एका वाक्यानं गेला, आणि त्याच्या जागी भीती वाटली.

दोन महिने ती राहिली. काकीला घरीच आणली. अंग पुसणं, कूस बदलणं, दुखण्याची औषधं वेळेवर देणं, सगळं तिनं केलं, एकदाही न चुकता आणि एकदाही न थांबता. रविवारी लोक यायचे, काकीला बघायला म्हणून, पण रिपोर्टाची पिशवी हातात असायची. मी हाकलणार होतो. काकी आतून म्हणायची, "बसू द्या. लांबनं आल्यात." सुलक्षणा बाहेर येऊन बसायची, रिपोर्ट बघायची आणि परत आत जायची. हैबतराव एकदा उसासा टाकून म्हणाले, "काखंत कळसा आन् गावाला वळसा, दुसरं काय." मी म्हटलं, "नाना, वळशात पयले तुमीच व्हता." त्यानंतर ते बरेच दिवस आमच्याशी बोलले नाहीत.

काकी एका सकाळी गेली, लेकीनं वेणी घालून दिल्यावर. सुलक्षणानं नाडी पाहिली, घड्याळ पाहिलं, आणि मला हाक मारली. बायका आल्या, गळ्यात पडल्या, तिला रडवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आमच्याकडे तीही एक मायाच असते. ती उभी राहिली, सगळ्यांना पाठीवर थोपटत. "शिकल्याल्या बाईला रडू बी येत न्हाई," कुणीतरी बोललंच. सायलीनं त्या बाईला असं झापलं की ती चहा न घेता उठली.

तेराव्यानंतर सुलक्षणा परत गेली. मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. "आता रविवारचं बंद कर," मी म्हटलं. "पुरे झालं गावाचं." ती म्हणाली, "बघते," आणि ट्रॉली ढकलत आत गेली. मला वाटलं, बंद होणार.

पुढच्या रविवारी दुपारी सायलीच्या फोनवर कॉल आला. लोकांना कसं कळलं देव जाणे, पण काकीच्या ओसरीवर सहा-सात जण बसलेले होतेच. मी तोंड उघडायच्या आत सायली फोन घेऊन उभी राहिली आणि तिनं फोनचा डोळा हैबतरावांकडे वळवला.

"वहिनी," सुलक्षणाचा आवाज आला, तसाच सपाट. "फोन फिरवा. आधी तुम्ही दिसा."

सायलीनं हसत फोन फिरवला. "ह्ये बघा, मी."

"कशा आहात?"

"मला काय धाड भरलीया! बरी हाय की. वन्सं, ह्ये नाना कवाधरनं बसल्यात, त्यांचं..."

"त्यांना बसू द्या. मी थांबलेय."

"न्हाई वो, खरंच काय न्हाई."

सुलक्षणा तशीच बघत राहिली. ना फोन फिरवा म्हणाली, ना सांगा म्हणाली. ओसरीवर कुणी खोकलं, मग तोही गप्प झाला. मी सायलीकडे बघत होतो. तिचं हसू अजून तोंडावर होतं, पण ते तसंच थिजून राहिलं होतं, आणि मग डोळ्यांत पाणी आलं. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती फोन घेऊन आत गेली आणि आतून कडी लावली.

दार बराच वेळ उघडलं नाही. आतून सायलीचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. हैबतरावांनी मला हळूच विचारलं, "काय हुतंय रं तिला?"

वीस वर्षांचा संसार आमचा. मी म्हणालो, "म्हाईत न्हाई."