जप्त झालेले दोन साग

नणंदेचे पहिले बाळंतपण आमच्याकडे व्हायचे होते आणि घरात कोरडी खोली नव्हती. सासऱ्यांनी उन्हाळ्यात मातीच्या भिंती उभ्या केल्या. वरच्या माळवदाला तुळया हव्या होत्या. डोंगरकड्याच्या रस्त्याला आमच्या बांधावर सागाची दोन झाडे होती, सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेली. पण साग स्वतःचा असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नसे. सासऱ्यांनी तहसिलीत अर्ज दिला. साहेब येऊन झाडे बघतील, मग परवानगी, असे सांगण्यात आले. कोणी आले नाही.

आमच्याकडे घराचे लाकूड अंधाऱ्या पाखात, वद्य पक्षात तोडतात. चांदण्यात तोडले तर कीड लागते म्हणतात. पावसाआधीचे शेवटचे अंधारे पाख सरत आले, तशी सासऱ्यांनी कुऱ्हाड उचलली. लाकूड अंगणात आले आणि त्याच्या मागोमाग जंगलखात्याचा गार्ड.

"तात्या, परवानगी कुठंय?"

"अर्ज दिला न्हाई का!"

"अर्ज म्हंजे परवानगी व्हय?"

"झाड माझं, बांध माझा. तुमच्या सायबानं पाणी घातलं होतं का त्याला?"

"तुमचंच हाय. म्हणून तर तुमच्यावर केस करून राहिलो."

त्याने ओंडक्यांवर हातोड्याने शिक्का मारला, पंचनामा केला आणि जप्तीचा माल सासऱ्यांच्याच ताब्यात, आमच्याच अंगणात ठेवला. सासूबाईंनी विचारले, "बसलं तर चालतंय का त्याच्यावर?"

"बसा की मावशी. करवत तेवढी लावू नका."

तो गेल्यावर सासरे म्हणाले, "चढवून टाकतो. काढायला कोण येतंय?"

मी म्हणाले, "आन आले तर, मामा? खाली बाळंतीण असंल आन वरून छत काढून नेतील."

ते दुसऱ्या दिवशी गोठ्याचे छप्पर उतरवू लागले. गोठ्याची जुनी बाभळीची लाकडे खोलीवर चढली. नणंद त्याच खोलीत बाळंत झाली. पाऊस आत आला नाही. बैल पावसाळाभर ओसरीत होते. शेण मी काढत होते.

दसऱ्यानंतर दंड भरला आणि लाकूड सुटले. तोवर खोलीला त्याची गरज उरली नव्हती, आणि गोठा उघडा होता. सासऱ्यांनी साग तिथे घातला. गावात सागवानी छताचा गोठा आमचा एकट्याचाच. अजून उभा आहे.