मामींचा नवस आणि मामांचा मासा

अख्ख्या हैदराबादेत खरा निवांत माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. नोकरीसाठी पुणं सोडून मी इथे आलो, तेव्हा मला वाटायचं, घाई नसणं हा एक आजार असावा. गौलीगुड्यातल्या त्यांच्या घरी "मामा, उशीर होतोय" म्हटलं की उत्तर ठरलेलं, "होऊ द्या की जावईबापू, कायकू परेशान होता?" तोंडात पाइप, पण रिकामा. कोठी भागातल्या डॉक्टरांनी तंबाखू बंद केली. पाइपाबद्दल ते काही बोलले नाहीत, असा मामांचा युक्तिवाद. बिअरची बाटली एकच, तीही दोरी बांधून तलावात गार केलेली. मामींना सांगायचं, "जवाचं पाणी आहे, मूतखड्याला चांगलं." आता याला खोटं तरी कसं म्हणावं!

दर रविवारी सकाळी मामा शहराबाहेरच्या तलावावर गळ टाकून उभे, शेजारी मी. गळाला खोटी माशी. पिसं आणि रंगीत धागे घेऊन ती मामा स्वतः बांधत. मासे भरपूर लागत. मामा प्रत्येकाची विचारपूस करून त्याला परत पाण्यात सोडत. कारण लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मासा घरी नेला, तेव्हा शाकाहारी मामी दिवसभर जेवल्या नव्हत्या. तेव्हापासून मामा रिकाम्या हातांनी घरी जात आणि "आज नाही लागला" म्हणत. मामींना वाटे, त्या एकानंतर बिचाऱ्यांना पुन्हा कधी मासा मिळालाच नाही. म्हणून त्या दर शनिवारी मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालत. मारुतीकडे मासा मागणारी बाई मी दुसरी पाहिली नाही! मला सगळं ठाऊक होतं, पण मामांनी शपथ घातलेली.

यंदा मामांचे हात कापायला लागले. आता हा नाद पुरे, डॉक्टर म्हणाले. शेवटचा रविवार म्हणून मामी हट्टाने बरोबर आल्या. जाताना मारुतीला नारळही फोडला. तासाभराने काठी वाकली आणि चांगला हातभर मासा वर आला. मामींनी हात जोडले, "पावला गं बाई मारुती!" आणि सवयीने मामांनी तो सोडून दिला की हो!

"अहो, सोडलात?"

मामांनी पाइप तोंडातून काढला. "दर वेळी सोडतो. तुला त्रास नको म्हणून."

"म्हणजे तो दर रविवारी पावत होता, अन् मी येडी आपली फेऱ्या मारतेय!" मामी म्हणाल्या आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला.

शेवटचा रविवार मामींनीच रद्द केला. आता काठी मी धरतो. मामांना गाठ मारता येत नाही, म्हणून माशी मामी बांधतात. परवा पाहिलं, तर तिला धागा त्यांच्या लग्नातल्या शालूचा होता.

"आरामात बांध गं," मामा म्हणत होते.

हल्ली रविवारी मलाही घरी परतायची घाई नसते.