दाजींचा पंप

दाजींनी तो पंप पहिल्यांदा आमच्या घरी आणला तेव्हा मी गाडीखाली होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला लोधिवलीला, नोकरी पनवेलच्या एका ऑफिसात, दिवसभर कॉम्प्युटरसमोर. मी साजगावच्या एका कारखान्यात फिटर. आमच्या घरात हत्याराला हात लावणारा माणूस म्हणजे मी, ही गोष्ट इतकी ठरलेली होती की कोणी ती बोलूनही दाखवत नसे.

आमचं घर भिवपुरीजवळच्या गावात. गाडीचं इंजिन ऑइल मी कधी गॅरेजमध्ये बदलून घेतलं नाही. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे दोन उतरते ठोकळे करून मी अंगणात ठेवलेत. पुढची चाकं त्यांवर चढवली की खाली माणूस शिरेल एवढी जागा होते. गोणपाट अंथरायचं, पाठीवर सरकत आत जायचं, इंजिनाच्या तळाशी तेलाचा चेंबर असतो त्याचा नट पान्याने सैल करायचा आणि काळं तेल पसरट टोपात सोडायचं.

बाबा अशा वेळी कायम गाडीजवळ उभे असत. भिवपुरीच्या पॉवर हाउसमध्ये त्यांनी सगळी नोकरी मशीनला तेल देण्यात काढली. तेल दोन बोटांत चोळून, हुंगून, ते किती दिवस चाललंय हे सांगतील. आता गुडघे गेलेत, काठी लागते, खाली बसता येत नाही. त्यामुळे गाडीखालून मला बाबा म्हणजे दोन चपला आणि एक काठी एवढेच दिसत. वरून आवाज येई, "हळू सोड रं. नट तेलात पडल." नट कधी पडला नव्हता, पण ते म्हणायचे आणि मी हो म्हणायचो.

त्या रविवारी मी नट सैल करत असताना दाजींची गाडी फाटकातून आत आली. ताई सरळ स्वयंपाकघरात गेली. दाजींनी डिकीतून काहीतरी काढलं आणि बाबांना हाक मारली. मी खालून पाहत होतो. चपला वळल्या, काठी वळली आणि दाजींच्या गाडीकडे चालू लागली. थोड्या वेळाने कोणीतरी प्लास्टिकची खुर्ची फरफटत तिकडे नेली. माझं लक्ष तिकडे, तेवढ्यात नट सुटला आणि गरम तेल मनगटावरून बाहीत गेलं. नट टोपात पडला. हळू सोड म्हणायला कोणी नव्हतं.

मी बाहेर आलो तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते. समोर पाण्याच्या लहान कॅनएवढी एक काळी टाकी, तिच्यावर सायकलच्या पंपासारखा दांडा. टाकीतून निघालेली बारीक नळी दाजींच्या गाडीच्या बॉनेटमध्ये गेली होती. तेल मोजायची पट्टी असते ना, ती काढून तिच्याच भोकातून नळी थेट चेंबरच्या तळापर्यंत सोडलेली. बाबा दोन्ही हातांनी दांडा वरखाली करत होते. पंधरा-वीस वेळा केल्यावर टाकीतली हवा निघून गेली आणि नळीतून काळं तेल आपोआप वर चढू लागलं. गाडीखाली जायचं नाही, नट नाही, गोणपाट नाही. दाजींच्या पांढऱ्या शर्टावर एक डाग नव्हता.

"हे बघ रं, कसं येतंय ते," बाबा मला म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. किती दिवसांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

मी बघितलं आणि हात धुवायला मोरीत गेलो. मनगट भाजलं होतं. बायकोने हळद लावू का विचारलं, तर मी तिच्यावर खेकसलो.

त्यानंतर घरात त्या पंपाशिवाय विषय नाही असं झालं. दूधवाल्याला बाबांनी पंप कसा चालतो ते समजावून सांगितलं. आमच्या मागच्या आळीत दोघांकडे गाड्या आहेत, त्यांना बाबांनीच बोलावणं धाडलं की जावयाला सांगतो, येत्या रविवारी या. आणि ते आले. दाजी नळी सोडत, बाबा खुर्चीत बसून दांडा मारत, तेल संपत आलं की नळीत बुडबुडे येतात ते लोकांना दाखवत. मध्येच टाकीवर कान ठेवून ऐकत. लोक बाबांना विचारत, इंजिन आधी किती वेळ चालू ठेवायचं, आणि बाबा सांगत, पाच मिनिटं, तेल कोमट पायजे, उकळतं नको. मी इतकी वर्षं हे काम करतोय, पण आमच्या अंगणात ते बघायला कोणी कधी जमलं नव्हतं.

मी ओटीवरून बघायचो. दाजींचे मऊ हात, त्यांची नळी पुसून गुंडाळून ठेवायची पद्धत, बाबांना "जमतंय ना?" असं अदबीने विचारणं, सगळं मला खुपायचं. सर्वांत जास्त खुपायचं ते बाबांचं लवकर उठणं. दाजी येणार असले की ते सकाळी सातलाच आंघोळ करून तयार. माझ्यासाठी त्यांनी असं कधी केलेलं मला आठवेना. मी घरातलाच ना, हे तेव्हा सुचलं नाही.

शेवटी एकदा जेवताना मी म्हणालो की पंपाने तळातलं तेल निघतच नाही. अर्धा लिटर तरी खाली राहतं आणि गाळ त्यातच असतो. खरं काम नट उघडल्याशिवाय होत नाही. दाजींनी मान हलवली, राहत असेल म्हणाले. बाबांनी भाकरी मोडता मोडता माझ्याकडे पाहिलं. "मंग करून बघू की," म्हणाले.

माझ्या गाडीचं तेल बदलायला अजून दोन हजार किलोमीटर होते. पण मला तेवढा धीर नव्हता. पुढच्याच रविवारी दाजी पंप घेऊन आले आणि मी गाडी ठोकळ्यांवर चढवली. आधी बाबांनी पंपाने तेल ओढून घेतलं. बुडबुडे आले, पंप थांबला. मग मी टोप घेऊन गाडीखाली गेलो आणि नट उघडला. मनात म्हणत होतो, येऊ दे, टोप भरू दे. धार आली, बारीक झाली, आणि थेंब थेंब होऊन थांबली.

मी टोप बाहेर सरकवला. बाबांनी ते तेल चहाच्या एका जुन्या कपात ओतायला लावलं. कपसुद्धा पुरता भरला नाही.

दाजी म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. थोडं राहतंच." ते मनापासून म्हणाले, आणि त्यामुळेच ते मला अजिबात सहन झालं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मी पुन्हा खाली गेलो, नट लावला, आणि सगळा राग पान्यावर काढला. अठरा वर्षं फिटर म्हणून काम करणाऱ्या माणसाला कुठे थांबायचं ते हाताला कळतं. मला कळलं होतं. तरी मी अजून एक झटका दिला. नट घट्ट होता होता पाना एकदम मऊ पडला, लोण्यात फिरावा तसा. नट ज्यांत फिरून बसतो ते चेंबरचे आटे गेले होते.

मी कोणाला सांगितलं नाही. नवं तेल भरलं, हात पुसले, जेवायला बसलो.

सोमवारी कारखान्याच्या पार्किंगमध्ये गाडीखाली रुपयाएवढा डाग दिसला. मंगळवारी ताटलीएवढा. मी रोज थोडं तेल वरून भरू लागलो. घरी आल्यावर गाडी अंगणात न लावता फाटकाबाहेर आंब्याखाली लावायची, खाली पुठ्ठा टाकायचा, सकाळी कोणी उठायच्या आत तो पालापाचोळ्यात दडवायचा. साजगावला जाताना पळसदरीच्या चढावर माझं सगळं लक्ष तेलाच्या लाल दिव्याकडे. दुसऱ्यांची मशीन दुरुस्त करणारा मी, स्वतःच्या गाडीखाली पुठ्ठा सरकवत होतो. आणि या सगळ्याचा दोष मी मनातल्या मनात दाजींना देत होतो.

आठवडाभराने एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर बाबा आंब्याखाली उभे. काठीने पाचोळा बाजूला केलेला होता आणि हातात पुठ्ठा. त्यांनी बोट टेकवलं, चोळलं, हुंगलं.

"हे नवं तेल हाय," ते म्हणाले. "आटे गेले ना रं?"

मी हो म्हणालो.

"कदी?"

"त्याच दिवशी."

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त बोट पुठ्ठ्याला पुसलं. मग मीच बोललो, नको तेवढं बोललो. म्हणालो, तुम्हाला त्यांचंच कौतुक आहे. मी तेलात लोळतो तेव्हा तुम्ही नुसते उभे असता आणि ते नळी घेऊन आले तर तुम्ही सगळ्या गावाला बोलावता.

बाबांनी ऐकून घेतलं. मग सावकाश म्हणाले, "मी उभा ऱ्हायचो, कारन तू मला कदी हात लावू दिला नाय. पाना घ्या, पाना द्या. तुमी बसा, मी करतो, म्हनायचास. पाना अडकवायची खुंटी हाय का मी?" पुठ्ठा दुमडत ते म्हणाले, "त्यानं माज्या हातात दांडा दिला."

मी पुठ्ठा त्यांच्या हातातून घेतला आणि आम्ही दोघं घरात आलो.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गाडी चौकच्या एका मिस्त्रीकडे नेली. बाबा बरोबर आले. मिस्त्रीने नवे आटे पाडून जाड नट बसवला आणि बजावलं की आता हा नट उठसूट उघडायचा नाही, पुन्हा आटे गेले तर पूर्ण चेंबर बदलावा लागेल. म्हणजे यापुढे तेल वरूनच काढायचं. पंपाने. बाबा बाहेरच्या बाकावर बसून हे ऐकत होते. हसले नाहीत, ही त्यांची मेहरबानी.

पंप मागायला मी लोधिवलीला एकटाच गेलो. दाजींना सगळं सांगितलं, आट्यांचंही. मी का चिडलो होतो तेही थोडंफार सांगितलं. ते चहा घेत होते. कप खाली ठेवून म्हणाले, "मी तो पंप का घेतला माहीत आहे? लग्न झाल्यापासून तुमच्याकडे यायचो तेव्हा बाबा तुमच्या गाडीपाशी. मी ओटीवर एकटा बसून पेपर वाचायचो. दोनदा वाचायचो. मला तुमचं काम येत नाही. वाटलं, असं काहीतरी असावं की ते माझ्याजवळही बसतील."

माझ्या डोक्यात हे कधीच आलं नव्हतं. ते माझ्यावर जळत होते, तेही माझ्या आधीपासून. ताई आतून आली आणि विचारलं की दोघं असे गप्प का, तर दाजी म्हणाले, गाडीचं बोलतोय.

हे ऐकून माझ्या मनातलं सगळं निवळलं असं म्हणायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. बरं मात्र वाटलं, आणि थोडी लाजही वाटली, की हे ऐकून आपल्याला इतकं बरं का वाटावं.

पंप त्यांनी आमच्याकडेच ठेवायला दिला. बाबांची सोय होईल म्हणाले. आता माझ्या गाडीचं तेल बाबा काढतात. मी नळी सोडतो, ते सांगतात, तळाला टेकली की बोटभर वर घे. मी घेतो. फडकं मागितलं की देतो. पहिल्यांदा जड गेलं, माझे हात सारखे दांड्याकडे जायचे आणि बाबा नुसतं बघायचे, की मी हात मागे घ्यायचो.

दाजींचा फोन येतो, या रविवारी येऊ का, तेल बदलायचं आहे. बाबा लगेच हो म्हणतात आणि शनिवारपासून टाकी पुसायला लागतात. मी बघतो आणि मला अजूनही ते आवडत नाही. मग शनिवारी दुपारी मी बाबांना सांगतो की माझ्या गाडीचं तेल जरा काळं वाटतंय, आजच बघून घेऊ का. ते पट्टी काढून तेल बोटांत चोळतात, मला म्हणतात की अजून दोन महिने चालेल. पण खुर्ची आणायला सांगतात.