वानगीचा डेटाबेस

सुक्या मिरचीचा ठसका लागला की मला नंदुरबारच्या मिरची बाजारातलं ते छोटं कार्यालय आठवतं. लिलाव संगणकावर सुरू होणार होते आणि शेकडो व्यापाऱ्यांनी एकाच वेळी बोली लावली तर यंत्रणा टिकेल का, हे तपासून सही करायला मी गेलो होतो. तिथल्या ऑपरेटरने खिशातून चिठ्ठी काढून डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड सांगितला. मी तो टेस्टिंगच्या टूलमध्ये भरला आणि लगेच जोडणी झाली. तीनशे खोटे व्यापारी एकदम सोडले, तरी प्रत्येक उत्तर पापणी लवायच्या आत येत होतं. "दखा साहेब, कसं पयी ऱ्हायनं," तो म्हणाला. मला ते पळणंच खटकलं. शिवाय पासवर्ड देताना त्याने जराही आढेवेढे घेतले नव्हते. खिडकीबाहेर एक व्यापारी वरच्या तजेलदार मिरच्या बाजूला सारून पोत्यात कोपरापर्यंत हात खुपसत होता. मी डेटाबेसमधल्या नोंदी मोजून पाहिल्या. पूर्ण हंगामाच्या म्हणून दिलेल्या त्या नोंदी जेमतेम चाळीस निघाल्या; एवढ्याशात शोधायला वेळ लागणारच नव्हता. "यावर मी सही करणार नाही," मी म्हणालो. तो चिडेल असं वाटलं होतं, पण त्याने शांतपणे दुसऱ्या खिशातून दुसरी चिठ्ठी काढली. "ती वानगी व्हती, साहेब. तुम्ही पोतामा हात घालतस का नही, ते मले दखनं व्हतं." आता माझ्या हाताखाली कुणी नवा तपासनीस आला, की मीही पहिली चिठ्ठी खरी देत नाही.